शिरोड्याच्या वाटेवर आमची नॅनो

मैत्रिणींनो, तुमच्या घरी चारचाकी असेल, तर मला एक सांगा, ती चालवतं कोण? आमच्याकडे दोन वर्षं 'हे' चालवत होते आणि मी शेजारी बसून सूचना करत होते! लायसन माझ्याही पर्समध्ये होतं, पण ते आपलं रेशनकार्डासारखं. ओळख पटवायला!

गाडी म्हणजे जुनी घेतलेली टाटा नॅनो. २००९ साली 'एक लाखाची गाडी' म्हणून गाजली, ती. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. माझ्या शिकवणीच्या पैशांतून ती दारात आली तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगदी खेळण्यातली वाटते हो!" मला ते लागलंच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शिरोड्याला, सासरच्या घरी गेलो होतो. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड द्यायचा, हे सासूबाईंच्या मनात वर्षभर होतं. पण गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही, आणि रिक्षावाल्याला ताटकळत ठेवणं त्यांना आवडत नाही. 'हे' भातझोडणीत अडकलेले. मी पदर खोचला आणि म्हटलं, "चला, मी नेते!"

अंतर ते केवढं! जेमतेम दोन-तीन किलोमीटर. पण छातीत धडधड हो! नॅनोचं ६२४ सीसीचं इंजिन मागे असतं, त्यामुळे आवाज पाठीमागून येतो. वाटतं, कुणीतरी पाठलागच करतंय. बाजार ओलांडला. दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे, माडाच्या बागा, आणि वळणावर समोर एसटी! घाबरून मी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. मागे एक स्कूटरवाला हॉर्न वाजवू लागला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "वाजवूंदे त्याका. तू सावकाश घे." पुन्हा चावी फिरवली, रिव्हर्स टाकला आणि गडग्याच्या कडेला गाडी नेली. तीन मीटरांहून किंचित लांब गाडी ती. एवढ्याशा जागेत बसली की! एसटी निघून गेली तेव्हा 'खेळण्या'ची मला प्रथमच किंमत कळली.

वेतोबाला केळ्यांबरोबर चामड्याच्या मोठ्या चपलाही वाहतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. रात्री देव त्या घालून गावाची राखण करत फिरतो, अशी श्रद्धा आहे. तिथं हात जोडताना मी हळूच म्हटलं, "उद्यापासून पुन्हा हेच चालवतील हो." सासूबाई उसळल्याच. "अगो, फिरूक देवाक सुद्धा चपला लागतत, मगे तुका गाडी कित्याक नको?"

परतताना आम्ही वेळागरच्या किनाऱ्यावर गेलो, सुरूच्या सावलीत बसलो. शिरोडं म्हणजे मिठागरांचं गाव. १९३० च्या मे महिन्यात इथं मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर याच गावात १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. मी त्यांच्याविषयी बोलत राहिले, तर सासूबाईंचं लक्ष समुद्राकडे. म्हणाल्या, चार वर्षांनी पाहतेय. घरापासून इतका जवळ समुद्र, आणि चार वर्षं! कुणाला 'ने' म्हणायचं, म्हणून त्या बोलल्याच नव्हत्या. मला फार अपराधी वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेडीच्या गणपतीला गेलो. १९७६ मध्ये खाणीच्या परिसरात सापडलेली ती मूर्ती. या वेळी 'हे' मागच्या सीटवर होते, आणि सूचना करत होते!

तुम्हीही शिकत असाल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. पदर, ओढणी नीट खोचा. उंच टाचेच्या चपला नकोत. पॉवर स्टिअरिंग नसेल तर उभ्या गाडीत चाक वळवू नका, गाडी किंचित सरकू द्या, हात भरून येत नाहीत. कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू द्या. आणि पहिली फेरी घरातल्या अशा माणसासाठी करा, ज्यानं 'मला ने' म्हणणं कधीच सोडून दिलंय.