नामाची पाठराखीण

इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांचं भय मला कधी वाटलं नाही. मोठा शब्द श्रीमंत पाहुण्यासारखा असतो. तो यायच्या आधी वर्दी येते, आपण बैठक झटकतो, कोश काढून बसतो आणि त्याची यथास्थित सरबराई करून त्याला वाटेला लावतो. जीव खातात ती चिल्लीपिल्ली. ऑफ, टू, इन, ऑन, फॉर, ॲट! दोन-तीन अक्षरांची ही मंडळी, कोशात पाहायला जावं तर एकेकीपुढे पाऊण पान अर्थ दिलेले. पण यांना सोबत घेतल्याखेरीज इंग्रजी नाम सहसा उंबरा ओलांडत नाही, आणि कोणाबरोबर कोणी जायचं हे ठरवताना त्यांनी तुमचंआमचं मत घेतलेलं नसतं.

पूर्वी नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जात असे. कुणाची आत्या, कुणाची मावशी, कुणाची थोरली बहीण. इंग्रजी नामांचंही तसंच आहे. इंटरेस्टची पाठराखीण इन, डिमांडची फॉर, ॲलर्जीची टू. का म्हणून विचारू नये. मावशी सोडून आत्याच का गेली, हे ज्या त्या घरालाच ठाऊक!

चौतीस वर्षं मी एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवलं. या पाठराखिणींच्या याद्या पोरांकडून घोकून घेतल्या, आणि पेन्शनीत निघाल्यावर सुटलो एकदाचा असं म्हणालो. पण २०२२ च्या श्रावणात शेजारची सून एक वही घेऊन दारात उभी राहिली. ती रुग्णालयात परिचारिका. सारी आळी तिला सिस्टर म्हणते, म्हणून मीही म्हणतो. माझ्या घरच्या दुखण्यात तिनं रात्री-रात्री उशाशी बसून काढल्या होत्या, तेव्हा तिला नाही म्हणायची सोय नव्हती.

"काका, मला इंग्लंडला जायचंय. परीक्षा द्यायचीय."

नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडलेलं, पोर चार वर्षांची, घरावर कर्ज. तिला एकच वाट दिसत होती. ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट नावाची ही परीक्षा ब्रिटनची नर्सिंग कौन्सिल २०१७ पासून ग्राह्य धरते. तीत परिचारिकेला रुग्णाविषयी एक पत्र लिहावं लागतं. पाच मिनिटं टिपणं वाचायला, चाळीस मिनिटं लिहायला. शब्द साधारण १८० ते २००. एवढ्याशा पत्रावर एका घराचं भवितव्य लटकलेलं!

तिनं लिहिलेलं पहिलं पत्र मी वाचलं. शब्द सगळे जिथल्या तिथं. औषधांची नावं तर माझ्यापेक्षा तिलाच ठाऊक. पण पाहावं तिकडे ऑफच ऑफ! ॲलर्जी ऑफ पेनिसिलिन, रीझन ऑफ ॲडमिशन, मेडिसिन ऑफ डायबिटीस, आन्सर ऑफ युअर क्वेश्चन. मध्येच 'पेन इन द चेस्ट' मात्र अगदी बरोबर.

"अगं, हे एवढं ऑफ आणलंस कुठून? आणि हे एकच इन कसं काय साधलं?"

ती जरा वेळ वहीकडे पाहत राहिली. मग हसून म्हणाली, "काका, मराठीत सगळ्यालाच 'चा, ची, चं' की! पेनिसिलिनची ॲलर्जी, मधुमेहाचं औषध, प्रश्नाचं उत्तर. छातीचं दुखणं नाही म्हणत आपण, छातीत दुखतं म्हणतो. म्हणून तिथं इन आलं."

चौतीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून मी जे इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं, ते तिनं चार वाक्यांत सांगितलं. आमची षष्ठी म्हणजे एकत्र कुटुंबातली विधवा आत्या. साऱ्या पोरींच्या पाठीमागे तीच एकटी जाणार! दाराची किल्ली, लग्नाचं आमंत्रण, गाण्याची आवड, दुधाची मागणी, तापाचं कारण, सगळीकडे ती हजर. इंग्रजीत या साऱ्यांची वाटणी झाली आहे. की टू द डोअर, इन्व्हिटेशन टू द वेडिंग, इंटरेस्ट इन म्यूझिक, डिमांड फॉर मिल्क. आणि कारणाची गंमत तर पाहा: आमचं कारण एकच, त्यांची दोन. कॉज म्हटलं तर ऑफ, रीझन म्हटलं तर फॉर. तापाला 'कॉज ऑफ' आणि तापाच्या रुग्णाला दाखल करून घेण्याला 'रीझन फॉर'. दोघी एकाच घरच्या, पण पाठराखिणी निराळ्या.

दुसरी एक खोड सिस्टरची एकटीची नव्हे, अवघ्या भारतवर्षाची आहे. आपण 'डिस्कस अबाउट' म्हणतो. डिस्कस हे क्रियापद म्हणजे गावभर एकटी हुंदडणारी पोर. ती सरळ कर्माचा हात धरते, मध्यस्थ तिला चालत नाही. पण तिचंच डिस्कशन झालं, म्हणजे ती नामाच्या घरात पडली, की पाऊल टाकायला तिला अबाउट लागते. व्हिजिट क्रियापद असेल तर थेट आजीला जाऊन बिलगते, नाम झालं की 'अ व्हिजिट टू' आजी. रिक्वेस्टचं तेच, एम्फसिसचं तेच. आपण काय करतो, नामाची पाठराखीण क्रियापदाच्या दारात नेऊन बसवतो. बिचारं क्रियापद संकोचतं, पण चहा देतं!

मी कपाटातून रेन आणि मार्टिन यांचं जुनं व्याकरण काढलं. त्यातही नामांच्या याद्या आहेत, पण लावलेल्या पाठराखिणींच्या क्रमानं. फॉर घेणारी नामं एका ओळीत, टू घेणारी दुसऱ्या. पाठ म्हणायला ठीक. पण लिहिताना माणसाच्या मनात आधी नाम येतं, फॉर नव्हे. हे ओळखून नामाच्या बाजूनं विचार करणारी मंडळी पुढं भेटली. गंमत म्हणजे त्यातली थोर माणसं जपानात इंग्रजी शिकवणारी होती. हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये तोक्योत अशा शब्दसंगतींवर मोठा अहवाल काढला. त्यांचे सहकारी हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश ऐन युद्धात, १९४२ साली, तिथंच छापून निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डनं तो जगभर नेला. जपानी भाषेतही हे शब्द आपल्यासारखेच नामाच्या मागून येतात. तेव्हा तिथल्या पोरांची अडचण सिस्टरसारखीच असणार. पुढं १९८६ साली बेन्सन पतिपत्नी आणि इल्सन यांनी नुसत्या शब्दांच्या जोड्यांचाच कोश केला. त्यातल्या व्याकरणी जोड्यांचा पहिलाच प्रकार म्हणजे नाम आणि त्याच्या मागची पाठराखीण.

आम्ही मग यादी फाडली आणि जोडीनं बोलायला लागलो. ॲलर्जी हा शब्द तोंडातून एकटा काढायचाच नाही. 'ॲलर्जी-टू' असाच काढायचा. सिस्टर पोळ्या लाटताना म्हणे, पोर तिच्या मागं म्हणे. हिस्टरी-ऑफ, रिस्क-ऑफ, ट्रीटमेंट-फॉर, रिस्पॉन्स-टू, राइज-इन. लाटण्याला ठेका चांगला मिळाला.

एके संध्याकाळी मात्र हसणं थांबलं. टिपणात लिहिलं होतं की रुग्णाची गोळी २० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली. सिस्टरनं हाताच्या सवयीनं लिहिलं, 'अ रिडक्शन ऑफ फाइव्ह'. मी म्हटलं, "याचा अर्थ पाच कमी केले. म्हणजे उरले किती?"

"पंधरा," ती म्हणाली. आणि गप्प झाली. 'ऑफ' म्हणजे पाचनं, 'टू' म्हणजे पाचवर. पंधरा की पाच, हे एका अक्षराच्या फरकावर. मला ती व्याकरणातली मौज वाटत होती. तिच्या डोळ्यांसमोर मात्र खाट दिसत होती आणि खाटेवरचा माणूस. ते वाक्य तिनं वहीत दहा वेळा लिहिलं. मी सांगितलं नव्हतं.

नामाच्या पुढं चालणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आपली बापडी एक सप्तमी: रात्री, सकाळी, सोमवारी. इंग्रजीत ॲट नाइट, इन द मॉर्निंग, ऑन मंडे! आपला पक्षी झाडावर बसतो, त्यांचा झाडात. आपली अंगठी बोटात, त्यांची बोटावर. बस, आगगाडी, विमान यांना ऑन, मोटार-टॅक्सीला इन. आत उभं राहून चालता आलं तर ऑन, असा एक ठोकताळा सांगतात, आणि तो बराचसा चालतोही. पण शनिवार-रविवारी इंग्रज 'ॲट द वीकेंड' असतो आणि अमेरिकन 'ऑन', इथं ठोकताळ्यानं हात टेकले.

सिस्टर पास झाली. गेली. पहिल्या आठवड्यात निरोप आला, "काका, इथं कुणी इन द वॉर्ड म्हणत नाही, ऑन द वॉर्ड म्हणतात. आणि या आठवड्यात मी ऑन नाइट्स आहे." रात्रपाळीला ऑन नाइट्स म्हणतात, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. वर्षभर पोर इथं आजीजवळ होती. फोनवर आई दिसली की बोलायची नाही, नुसती पडद्याला बोट लावायची.

आता नवरा आणि पोर तिकडेच आहेत. पोर सात वर्षांची झाली. शाळेत फडाफडा इंग्रजी बोलते, पाठराखिणी सगळ्या जागच्या जागी. परवा तिनं आईच्या फोनवरून मला हाक मारली.

"आजोबा, मी आत्ता बसवर आहे!"

माझ्या डोळ्यांसमोर एस. टी.चा टप उभा राहिला, त्यावर आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी, आणि त्यांच्यामध्ये फ्रॉक सावरून बसलेली ही. मागून सिस्टरचा आवाज आला, "अगं, बसवर नाही, बसमध्ये!"

"असू दे," मी म्हटलं. "काय गं, खिडकीजवळ जागा मिळाली का?"