बंडखोराने हसावे काय?

रागावलेल्या माणसाने जन्मभर रागावलेलेच राहावे, अशी त्याच्या चाहत्यांची अपेक्षा असते. १९७६ च्या सुमारास लंडनमध्ये ‘पंक’ नावाचे कर्कश, संतप्त संगीत गाजू लागले. त्या पंथाची इंग्लंडमधील पहिली तबकडी काढणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव ‘द डॅम्ड’, म्हणजे नरकाचे धनी. आम्हां धर्मगुरूंनी कान टवकारावेत असेच! त्यातील ‘कॅप्टन सेन्सिबल’ असे टोपणनाव घेतलेल्या वादकाने १९८२ साली एका जुन्या संगीतिकेतील ‘हॅपी टॉक’ हे गोडगोड गाणे गाइले आणि ते तेथे पहिल्या क्रमांकावर गेले. ही थट्टा समजावी की फितुरी, असा प्रश्न कडव्या अनुयायांना पडला असल्यास नवल नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण गोव्यातील शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांचे. ते पंकपंथी नव्हेत. परंतु बंडखोर खचितच. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत त्यांनी घरीच मुद्रित केली. शब्द त्यांचे, चाल त्यांची, वाद्येही त्यांनीच वाजवलेली. कॅसेटी दुकानांत पोहोचवण्यासाठी स्कूटरही त्यांचीच. १९८६ साली अमली पदार्थांविरुद्ध ‘पॅक दॅट स्मॅक’ आली. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले, तेव्हा रेमोंनी त्यांच्यासमोरच त्यांना उद्देशून गाणे म्हटले आणि त्यात गोव्याची गाऱ्हाणी मांडली. स्थानिक पुढाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या; पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे कळवले.

पुढे १९९५ साली ‘बॉम्बे’ चित्रपटातील ‘हम्मा हम्मा’ आले. १९९८ साली ‘प्यार तो होना ही था’चे शीर्षकगीत आणि ‘ओ मेरी मुन्नी’ आले. सगळा देश ठेका धरू लागला. सेमिनरीतील आमच्या एका वर्गबंधूने “रेमो विकला गेला,” असा निकाल देऊन टाकला. आम्हांला तो निकाल तेव्हाही पटला नव्हता. १९८५ साली, म्हणजे ऐन बंडखोरीच्या काळात, याच माणसाने ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये गोव्याची जुनी गाणी नव्या साजात गाइली होती. खोडकरपणा त्यांच्या रक्तातच होता. बदलले ते दुसरेच काही. आधी तोंडातला शब्द स्वतःचा होता. चित्रपटात तो दुसऱ्याने लिहून दिला. आमच्या मते हिशेब मांडायचाच तर तेथे मांडावा. ठेक्याला कशाला दोष द्यावा?

हा विषय आज निघाला तो शहापूर-मुरबाड भागातील एका तरुणामुळे. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवते आहे. पुढे वैतरणा आणि भातसाही त्या कामी लागली. त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या तरुणाने त्यावर एक गाणे रचले होते. सभांतून तो ते गाई आणि बाया पदराने डोळे पुसत. चर्चच्या गायनवृंदात पेटीवर तोच असतो. गेल्या वर्षी त्याने एका कंपनीसाठी हळदीचे गाणे गाइले. आता प्रत्येक मांडवात बेंजोवर तेच वाजते. आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये उभी फूट पडली. त्याला गायनवृंदातून काढावे, अशी मागणी झाली.

आम्ही मीखलची आठवण दिली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात कराराचा कोश यरुशलेमेत येतो तेव्हा दावीद राजा देहभान हरपून नाचतो. शौलाची कन्या मीखल खिडकीतून पाहते आणि मनात त्याचा तिरस्कार करते. दासींसमोर शोभा झाली, असे ती त्याला सुनावते. दावीद उत्तरतो की, त्याच दासी माझा मान राखतील. सहा-सात महिने वीटभट्टीवर राबून आलेली आमची कातकरी माणसे मांडवात दोन रात्री नाचतात. दावीदाच्या त्या दासी आम्हांला त्यांच्यातच दिसतात. खिडकीत बसून त्यांच्या नाचाची प्रतवारी करणे आम्हांला जमत नाही.

तरुणाला काढण्यास आम्ही नकार दिला, परंतु त्याला बोलावून घेतले. शब्द कोणाचे, असे विचारले. “कंपनीचे,” तो म्हणाला. पाण्याचे गाणे का सोडलेस, असे विचारताच तो थोडा चिडला. “फादर, पाण्याचं गाणं ऐकायला कोण बोलावतं? हळदीला सगळे बोलावतात. आणि त्या बायांना मी अजून किती रडवू?”

या प्रश्नाला सेमिनरीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. आम्ही एवढेच म्हणालो, “हळदीला जरूर गा; मात्र पुढचे गाणे तू लिही.”

परवा कौन्सिलच्या सभेनंतर त्याने ते ऐकवले. चाल हळदीचीच, पाय थिरकावा अशी. नवी नवरी सासरी येते, पहिल्याच सकाळी हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहते आणि अंगावरची हळद उतरली तरी तिचा नंबर काही लागत नाही. दोघे सभासद खो खो हसले. तिसऱ्यांनी ही दुःखाची टिंगल आहे असे म्हटले आणि ते उठून गेले. पाणी भरायला रोज दूरवर जाणाऱ्या आमच्या स्वयंपाकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पुन्हा म्हणायला सांगितले.