सेंच्युरियनच्या सावलीत

राजापूरहून अणुस्कुरा घाट चढून आमची सहल निघाली, तेव्हा मुलांचं सारं लक्ष खाऊच्या डब्यांवर होतं. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात शिरल्यावर मात्र सगळी गप्प झाली. 1994 साली लष्कराने उभारलेल्या या आवारात देशोदेशींचे रणगाडे उघड्यावर उभे आहेत. पॅटनपाशी आठवीतल्या एकाने हळूच विचारलं, "सर, हा त्यांचा ना?" आमच्या मुलांना असं हळू विचारायची सवय कुठून लागते, हे वाचकांना सांगायला नको. मी मोठ्यानेच म्हणालो, "हो, पाकिस्तान असेच पॅटन घेऊन लढलं. आणि तो सेंच्युरियन आपला."

सेंच्युरियनच्या सावलीत बसवून मुलांना लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सांगितले. जन्म मुंबईचा, 1923 चा, शाळा पुण्यात, धर्माने पारशी, पहिली नोकरी निजामाच्या फौजेत. तिथे एका रंगरुटाच्या हातून जिवंत ग्रेनेड खड्ड्यातच पडला. तारापोरांनी उडी मारून तो उचलून फेकला. फेकताच फुटला, तुकडे छातीत घुसले. सेनापती सय्यद अहमद अल् इद्रूस यांनी त्यांना बोलावून घेतलं, तर बक्षीस म्हणून यांनी मागितली घोडदळात बदली! घोडदळ म्हणजे तोवर रणगाडे आणि चिलखती गाड्याच.

1951 पासून ते 'पूना हॉर्स'मध्ये. या पलटणीच्या निशाणावर चांदीचा हात आहे, 1857 च्या इराण मोहिमेत मिळालेला, आणि त्यावर कुराणशरीफातले शब्द कोरलेले आहेत. हे ऐकून मुली सावरून बसल्या.

सप्टेंबर 1965. सियालकोटच्या सरहद्दीवर, फिल्लोऱ्याला 11 तारखेला ते जखमी झाले, पण मागे जायला नकार दिला. पलटणीने सुमारे 60 रणगाडे निकामी केले, स्वतःचे 9 गमावले. 16 तारखेला बुतूर डोग्रांडीजवळ ते शहीद झाले. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं.

त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं : अंत्यसंस्कार रणांगणावरच करा, प्रार्थनेचं पुस्तक आईला, साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, फाउंटन पेन मुलाला.

"पारशी किती असतात, सर?" त्याच मुलाने विचारलं.

"आपल्यापेक्षा खूपच थोडे."

त्याने वहीत नाव उतरवून घेतलं, उर्दूत आणि मराठीत. 'तारापोर'मधला 'पो' दोनदा खोडला.