शेवटचं कडवं

मला फक्त एक सही पाहिजे होती.

6 डिसेंबर 1989. पंचवटी एक्सप्रेस मनमाडहून सुटली तेव्हाच डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, पांढरी लुगडी, भाकरीची गाठोडी. दादरपर्यंत मी उभाच. पिशवीत मायनं दिलेल्या चार भाकरी, ठेचा, आणि फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट.

ही आमच्या घरातली पहिली कॅसेट. बा रेल्वेत गँगमन. 1986 साली बोनसच्या पैशात त्यानं टेपरेकॉर्डर घेतला आणि अर्धी वस्ती संध्याकाळी आमच्या ओट्यावर जमायला लागली. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं लागलं की आजी भिंतीला टेकून डोळे मिटायची. गाणं टोपलं फेकणाऱ्या बाईचं होतं. जन्मभर गावात दारोदार शिळंपाकं मागणारी बाई 1956 च्या धर्मांतरानंतर एके दिवशी वेशीत टोपलं उलथं करते आणि मागं न बघता घरी येते. आमच्या आजीनं खरंच असं केलं होतं. तिला नवल वाटायचं, ह्या शाहिराला आपली गोष्ट कुणी सांगितली? मी मुंबईला निघालो तेव्हा म्हणाली, "भेटला तर इचार त्याला. त्याला कसं ठावं?"

मलाही ते गाणं तोंडपाठ होतं. कॉलेजात, होस्टेलात, जयंतीला, सगळीकडं मी तेच म्हणायचो. नामांतराच्या मोर्चात म्हटलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं 27 जुलै 1978 ला केला आणि त्यापायी वस्त्या जळाल्या, माणसं मेली. अकरा वर्षं झाली तरी नाव लागलं नव्हतं. पोलिसांच्या लाठ्या पडायच्या आधी आमची पोरं हे गाणं म्हणायची, आणि सुरुवात मी करायचो. म्हणून ह्या माणसाची सही मला पाहिजे होती. एखाद्या नटाची घेतात तशी नाही. आपल्या माणसाची.

चैत्यभूमीच्या रांगेत सहा तास गेले. दर्शन घेऊन शिवाजी पार्कवर आलो. पुस्तकं, कॅलेंडरं, बिल्ले, बाबासाहेबांचे फोटो, आणि दर चार पावलांवर कॅसेटी. एका पालावर पुठ्ठा टांगलेला : आज शाहीर स्वतः हजर. नवी कॅसेट सहीसकट मिळेल.

शाहीर लोखंडी खुर्चीवर बसलेले. कॅसेटीवरच्या फोटोत भरदार फेटा, मिशा, हातात डफ. समोर बसलेला माणूस वाळलेला, गळ्याला मफलर, पायात रबरी चपला. पालवाला ओरडत होता, "चला, सही घ्या, सही घ्या." लोक कॅसेट पुढं करत होते आणि शाहीर एकेक अक्षर जपून काढत होते. पोरगं पहिल्यांदा पाटीवर काढतं तसं.

माझी पाळी आली. मी वाकून जयभीम केला आणि जुनी कॅसेट पुढं केली.

पालवाला म्हणाला, "नवी घ्यावी लागंल."

शाहीर म्हणाले, "राहू दे रं. मनमाडहून आलंय पोरगं." मग मला, "कोणतं गाणं आवडतं तुला?"

मी सांगितलं. म्हणाले, "म्हण बरं."

एवढ्या गर्दीत मी म्हणायला लागलो. बाया थांबल्या. कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. चार कडवी झाली, टोपलं वेशीत पडलं, मी थांबलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाहीर माझ्याकडं बघत राहिले.

"पुढं?"

"एवढंच आहे, शाहीर."

"एवढंच कॅसेटीत हाय," ते म्हणाले. "गाणं पाच कडव्यांचं हाय."

मला घाम फुटला. ते रागावले नव्हते. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. आठ माणसांची पार्टी घेऊन दोन दिवस स्टुडिओत काढले. आठ गाण्यांचे मिळून एकरकमी दोन हजार ठरले. आपल्या लोकांपर्यंत आवाज जाईल म्हणून हरकत घेतली नाही. कॅसेटीच्या एका बाजूला तीस मिनिटं बसतात. गाणं लांब होतंय म्हणाले, एक कडवं काढा. "मी म्हणलं, मधलं काढा. ते म्हणले, मधलं काढलं तर गोष्ट तुटंल. शेवटचं काढू. आन् शेवटच्यात माजं नाव व्हतं."

दोस्तहो, आपल्या शाहिरीची रीत तुम्हांला माहीत आहे. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ती काही हौस नाही. ज्यांच्याकडं कागद नव्हता, छापखाना नव्हता, त्यांनी आपली सही गाण्यातच ओवून ठेवली. चोखोबांचं नाव शेकडो वर्षं टिकलं ते ओळीत होतं म्हणून. वामनदादा कर्डकांनी मुंबईत तरुणपणी अक्षरं गिरवली आणि हजारो गाणी रचली. त्यांच्या गाण्यांतून 'वामन' हे नाव ऐकू येतं. त्यांच्या एका संग्रहाचं नावच 'हे गीत वामनाचे'. कागदावरचं नाव कुणीही खोडतो. चालीत बसलेलं नाव खोडायचं तर गाणंच कापावं लागतं. ह्या शाहिराचं तेच झालं होतं.

मी कॅसेटीतला कागद बाहेर काढला. चार वर्षं ती उघडझाप केली, फीत ढिली पडली की पेन्सिल घालून आवळली, पण ती बारीक ओळ कधी वाचली नव्हती. शाहिरांनी बोट ठेवून विचारलं, "हितं काय लिवलंय?"

"गीत : पारंपरिक."

"म्हंजी?"

मला सांगता येईना. शेवटी म्हणालो, "म्हणजे पूर्वीपासून चालत आलेलं. कुणी एकानं केलेलं नाही."

शाहीर हसले. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना जुळवलं मी हे. पूर्वीपासून म्हंजी किती पूर्वी रं?"

तेव्हा आजीचा प्रश्न आठवला. विचारला. ते गप्प झाले. मग म्हणाले, "टोपलं फेकणारी माजी माय व्हती. शेवटच्या कडव्यात तेच हाय. त्या मायचा हा ल्योक, असं म्हणून माजं नाव येतं."

एका कापण्यात दोन माणसं गेली होती. शाहीर गेला आणि त्याची माय गेली. राहिली नुसती एक बाई, कुणाचीही.

मला कंपनीचा संताप आला. पण खरं सांगतो, जास्त लाज माझीच वाटली. एका नावासाठी आम्ही रस्त्यावर उतरलो होतो, डोकी फोडून घेतली होती, आणि त्याच मोर्चात गाणं म्हणताना गाणं करणाऱ्याचं नाव गाळत होतो. 'हे लिहिलं कुणी?' हा साधा प्रश्न चार वर्षांत मला पडला नव्हता. शोषण करणारे दुसरे असतात एवढंच आम्ही शिकलो होतो.

मी कॅसेट पुढं केली. शाहिरांनी पेन घेतलं आणि थांबले. म्हणाले, "सहीचं भ्या वाटतं आता. फुली मारली व्हती तिथं एकदा केली, आन् गाणं गेलं. तू असं कर, आदी लिही." त्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी मला पाचवं कडवं सांगितलं. मी लिहिलं. त्याच्याखाली त्यांनी सही केली. पुढच्या बाजूचा 'पारंपरिक' मी खोडला.

घरी येऊन आजीला पाचवं कडवं म्हणून दाखवलं. तिनं ऐकलं. म्हणाली, "मंग बरुबर हाय. मायनं सांगितलं त्याला." आणि तंबाखू मळायला लागली.

ह्या गोष्टीला खूप वर्षं झाली. आजी नाही, शाहीरही नाहीत. नामविस्तार 14 जानेवारी 1994 ला झाला. कॅसेटी गेल्या, मोबाईल आले. गाणं अजून वाजतं, चारच कडव्यांचं. पुढं मला कळलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 57 वं कलम आहे. हक्क विकले तरी 'हे मी केलं' असं सांगायचा हक्क रचणाऱ्याकडंच राहतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराकडून रॉयल्टीतला त्याचा वाटाही लिहून घेता येत नाही. पहिला हक्क शाहिरांना त्या दिवशीही होता. त्या खुर्चीवर बसले होते तेव्हा होता. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, आणि आम्ही शिकलेली पोरं सह्या मागत होतो.

तुम्ही म्हणाल, मग शाहिरांचं नाव लिही की. त्यांच्या घरच्यांचा कागदोपत्री झगडा चालू आहे. निकालापर्यंत छापू नको म्हणाले. नाव गाळल्याची तक्रार करणाऱ्या लेखात नाव नाही, हे मलाही टोचतं. पण मी ते गाणं कुठंही म्हणतो तेव्हा पाचही कडवी म्हणतो. समोर येऊन ऐका, नाव कळेल.

आणि एक काम करा. तुमच्या वस्तीत एखादा जुना गाणारा असेल, जलशातला, गायन पार्टीतला, डफ आता खुंटीला टांगलेला. वही घेऊन त्याच्याकडं जा. तुम्हांला पाठ असलेलं गाणं त्याच्यासमोर म्हणा. संपलं की त्याच्या तोंडाकडं बघा, आणि तुम्हीच विचारा : पुढं?