सुई कितीवर आहे?

जुलैतली थंड सकाळ होती. न्यूलँड्सहून खाली येताना सिग्नलला गाडी बंद पडली. पहिला गिअर टाकलेला, क्लच पूर्ण दाबलेला, माझा पाय हललासुद्धा नव्हता. तरी इंजिन थरथरलं आणि गप्प झालं. मागे गाड्यांची रांग लागली. मागच्या सीटवरून लेक म्हणाला, "आई, परत?" मला हॉर्नपेक्षा ते "परत" जास्त लागलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तू क्लच पटकन सोडतेस." गॅरेजवाल्याने गाडीचं वय आणि किलोमीटर बघून सांगितलं, "क्लच संपला. नवीन बसवायला चौदाशे डॉलर." एकाचं म्हणणं होतं दोष माझ्या पायाचा, दुसऱ्याचं होतं गाडीच्या वयाचा. मी तीन आठवडे गाडीला हात लावला नाही. लेकाचं पोहणं बंद झालं, लायब्ररीतल्या मराठी गोष्टींच्या तासाला दोनदा दांडी झाली. साताऱ्यात पाचवीच्या पंचेचाळीस मुलांना आवरणारी मी, इथे नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघत बसले.

आमची गाडी १९९६ सालची आहे, इथेच न्यूझीलंडमध्ये जुळणी झालेली. तेव्हा या देशात गाड्या जोडण्याचे कारखाने होते. १९९८ मध्ये गाड्यांवरचं आयातशुल्क गेलं आणि त्याच वर्षी उरलेसुरले कारखानेही बंद झाले. मग जपानहून आलेल्या वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांचंच राज्य झालं. त्यामुळे आमच्या मैत्रिणींत क्लच नावाचं दुखणं मला एकटीलाच. गाडी २००० च्या आधीची म्हणून दर सहा महिन्यांनी वॉफ करावा लागतो. महिन्यापूर्वीच तो पास झाला होता. पण वॉफमध्ये ब्रेक, टायर, दिवे, पट्टे, गंज हे बघतात. क्लच किंवा इंजिनाचा स्लो कोणी तपासत नाही.

माझे आप्पा एस.टी.च्या सातारा विभागीय कार्यशाळेत हेड मेकॅनिक होते. लहानपणी मी त्यांच्या पान्यांच्या पेटीजवळ गेले की म्हणायचे, "हात काळे करू नकोस, अभ्यास कर." तो मी केला, एम.ए. झाले. निवृत्तीनंतर आमचे फोन म्हणजे "जेवलात का? थंडी आहे का? आईकडे देतो." दोन मिनिटांत संपायचे. गाडीचं त्यांना सांगावं हे मला सुचलंच नव्हतं. एका रविवारी आईशी बोलताना सहज बोलून गेले, तर मागून आवाज आला, "फोन इकडे दे. पोरी, गाडी उभी असताना सुई कितीवर आहे?"

मला माहीतच नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी दीड वाजता, म्हणजे तिकडे सकाळचे सात, मी गाडी जवळच्या शाळेच्या रिकाम्या, सपाट पार्किंगमध्ये नेली आणि व्हिडिओ कॉल लावला. आप्पांनी सुरुवातीलाच नियम घातला, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की काय कशामुळे झालं ते कळत नाही." हे वाक्य मी स्वतः वर्गात किती वेळा म्हटलं असेल!

आधी इंजिन गरम होऊ दिलं. मग न्यूट्रल, पाय काढलेला. आरपीएमची सुई साडेसातशेच्या आसपास स्थिर हवी होती. ती पाचशे ते नऊशे अशी झोके घेत होती. दिवे आणि मागच्या काचेचा हीटर लावला की आणखी खाली यायची, पण इंजिन बंद पडत नव्हतं. "बघ, पाय लावलेलाच नाही. हा तुझ्या पायाचा दोष नाही," आप्पा म्हणाले. नवरा बाजूलाच उभा होता. तो काही बोलला नाही.

मग क्लच दाबून पहिला गिअर टाकला. सुई चारशेवर आली आणि गाडी किंचित पुढे सरकली. क्लच पूर्ण दाबलेला असताना! क्लच दाबून थोडं थांबून रिव्हर्स टाकला तर किर्र आवाज. पेडल दोन-तीनदा भराभर मारून टाकला तर गिअर लोण्यासारखा बसला. आप्पा म्हणाले, "प्लेट राहू दे. क्लच पुरता सुटत नाहीये. ऑइलचं भांडं बघ." पातळी खालच्या रेघेच्याही खाली होती, आणि गिअरबॉक्सजवळच्या छोट्या सिलिंडरचं रबर ओलं होतं.

प्लेट खरंच संपली असती तर उलटं दिसलं असतं. हँडब्रेक घट्ट ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडला की इंजिन बंद पडायलाच हवं. चालू राहिलं तर प्लेट घसरते. आमचं लगेच बंद पडलं. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी ङौरांगा गॉर्जचा चढ चढले. (ज्या 'ङ'ने आपल्याकडे एकही शब्द सुरू होत नाही, त्याला इथे माओरी भाषेत भरपूर काम आहे.) चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, नवरा सुया वाचत होता. आरपीएम आणि वेग बरोबरीने वाढले. इंजिन ओरडतंय आणि गाडी वेग घेत नाही, असं झालं नाही. जळका वासही नाही.

राहिला इंजिनाचा स्लो. "कुठून तरी हवा खातंय. वेणी, ओढणी सांभाळ, पट्ट्यापासून लांब राहा," असं चारदा बजावून आप्पांनी मला बोनेटखालच्या रबरी नळ्या एकेक करून दाखवायला लावल्या. एका बारीक नळीजवळ सुस्स आवाज येत होता. ती चिमटीत धरली आणि इंजिनाचा सूरच बदलला. साताऱ्यात आप्पा खुर्चीतून उठले. "ऐकलंस? तीच ती!"

एकूण दोन दोष होते. एकाने इंजिन अशक्त केलं होतं आणि दुसरा त्याला मागे ओढत होता. मुलाचं गणित चुकतं तेव्हा कधी बेरीज चुकलेली असते आणि हातचाही विसरलेला असतो. आपण एक चूक शोधून थांबलो तर उत्तर काही जुळत नाही. आणि पाटी न बघता "याला गणित येत नाही" म्हटलं तर मूल गणितच सोडून देतं. मी गाडी सोडली होती तशी.

हे सगळं एका कागदावर क्रमाने लिहून पेटोनीतल्या एका दुसऱ्या गॅरेजमध्ये नेलं. त्याने कागद दोनदा वाचला, गाडी चालवून बघितली. चिरलेली नळी बदलली, थ्रॉटल साफ केला, क्लचचा छोटा सिलिंडर नवा बसवून त्यातली एअर काढली. साडेतीनशे डॉलर झाले. जुनी प्लेट अजून चालू आहे. कागद कोणी लिहिला म्हणून त्याने विचारलं. "मी आणि माझ्या वडिलांनी," मी म्हटलं.

तो कॉल पंचेचाळीस मिनिटं चालला होता. परदेशी आल्यापासून आप्पांशी इतका वेळ मी कधीच बोलले नव्हते. ठेवताना त्यांनी विचारलं, "हात काळे झाले का?" मी दोन्ही तळवे कॅमेऱ्यासमोर धरले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आधी रॉकेलने पूस, मग साबण." इथे रॉकेल कुठून आणू, हे मी विचारलं नाही.

लेकाचं पोहणं पुन्हा सुरू झालं आहे. रविवारी फोन लागतो, तेव्हा आप्पा आता आईकडे लगेच देत नाहीत. जावयाची, नातवाची चौकशी नंतर. पहिला प्रश्न असतो, "सुई कितीवर आहे?"

"साडेसातशे, आप्पा. हलत नाही."