शिवीचं शेपूट

दहावीनंतर माझी शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. दर गुरुवारी तालुक्याला बाजाराला गेलो की पिशवी ओळखीच्या दुकानात ठेवायची आणि कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसायचं. अनामत भरून बाहेरच्या वाचकाचं कार्ड काढलंय. वर्तमानपत्रं, जुने दिवाळी अंक, दोन तास कसे जातात कळत नाही.

ग्रंथपाल एक म्याडम आहेत. त्यांच्या टेबलामागं भिंतीवर रंगनाथनांची पाच सूत्रं लावलीत. १९३१ साली त्यांनी ती मांडली. एक सूत्र सांगतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. दुसरं सांगतं, वाचकाचा वेळ वाचवा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर भुरभुर चालू होती. मागच्या टेबलावर चार पोरं मोबाईलवर गेम खेळत होती. त्यांच्या पुढं एक मुलगी पोलीस भरतीचा अभ्यास करत होती. तिला चारची एसटी गाठायची असते, म्हणून सारखं घड्याळाकडं बघत लिहिते. एवढ्यात मागून एक शिवी आली. आईवरची, खणखणीत. पोरं हसली. मुलीनं वही मिटली, पिशवी उचलली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

मी जागच्या जागी गार पडलो. त्या शिवीला शेवटी एक शेपूट होतं. ते शेपूट आमच्या पंचक्रोशीत दुसरं कुणी जोडत नाही. मी जोडतो. मोटर जळली, बैल आडवा झाला, रात्रीची लाईट गेली, की माझ्या तोंडातून ते निघतं. मान वळवायची गरजच नव्हती. पोरगं माझा नातू होता.

मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. खोटं कशाला सांगू, लपलो.

म्याडम उठल्या. ओरडल्या नाहीत. सावकाश टेबलाजवळ गेल्या, वाकून हळू आवाजात फक्त त्याला म्हणाल्या, "तू जरा माझ्याबरोबर ये." बाकीची तिघं आपोआप गप्प झाली. काउंटरपाशी त्यांनी त्याचं ओळखपत्र मागून घेतलं.

"ती मुलगी उठून का गेली, माहितंय?"

पोरगं खाली बघायला लागलं.

आता मात्र मला बसवेना. उठून गेलो आणि म्हणालो, "म्याडम, पोरगं माजं हाय. आन् शिवी बी माजीच हाय. माज्याच तोंडनं ऐकलीय त्यानं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, मग घरचं काम तुम्ही करा, इथलं मी करते."

इथलं काम म्हणजे काय, तर आठ दिवस रोज एक तास परत आलेली पुस्तकं नंबर बघून कपाटात लावायची. आणि त्या मुलीची माफी मागायची, पण चारचौघांत तमाशा करून तिला आणखी लाजवायचं नाही. नातू व्हरांड्यात गेला, दोन शब्द बोलला, मुलगी आत आली. तिची वीस मिनिटं मात्र गेली ती गेलीच.

नंतर मी म्याडमना विचारलं, "सरळ हाकलून का दिलं न्हाई?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांसमोर ओरडलं की पोरगं मित्रांपुढं चढतं. एकटं बोलावलं की ऐकतं. आणि हाकलला तर तो पुन्हा इकडं फिरकणार नाही. तोही वाचकच आहे ना?"

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं २०२४ साली ग्रामसभेत ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. बातमी वाचली तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, शेतकऱ्याच्या तोंडाला कुणी मुसकी बांधावी? त्या गुरुवारी एसटीत नातवाशेजारी बसून येताना हसू आलं नाही. आमच्या घरातली आईसुद्धा कुणाची तरी आईच आहे, आणि ती चाळीस वर्षं चुलीपुढं बसून माझं ऐकत आली.

घरी आल्यावर एक डबा ठेवला. शिवी गेली की दहा रुपये टाकायचे, मग लहान असो का थोर.

डबा दिवाळीत उघडला. नातवाचे चाळीस निघाले. माझे किती, ते विचारू नका.