लोणारचा काठ आणि ज्येष्ठांची पावले

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावाच्या कडेला जमीन एकाएकी संपते आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, दीडशे मीटर खोल विवर समोर येते. बेसॉल्ट खडकावर अशनी आदळून झालेली विवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मीळ आहेत. तळाशी असलेल्या सरोवराचे पाणी बाहेर वाहून जाण्यास मार्ग नाही. म्हणून ते खारट आणि तीव्र अल्कधर्मी झाले आहे. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी दिसू लागले आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

समृद्धी महामार्गामुळे मेहकरमार्गे येथे पोहोचणे आता सोपे झाले आहे. परंतु रस्ता जसा माणसे आणतो, तसा तो त्यांना लवकर परतही नेतो. काठावर उभे राहून छायाचित्र काढावे आणि तासाभरात गाडीत बसावे, एवढ्या भेटीतून गावाच्या पदरी चहाचे पैसे पडतात. कुटुंब एक रात्र मुक्कामी राहिले, तर खानावळ, निवास, वाटाड्या, रिक्षा आणि भाजीवाली या सर्वांना त्याचा वाटा मिळतो.

अमेरिकेतील मोआब या गावाचा इतिहास येथे बोधक आहे. युरेनियमच्या खाणींचा धंदा बसल्यावर १९८० च्या दशकात त्या गावाने खडकांवरील सायकलवाटांमुळे नवा पोटापाण्याचा मार्ग शोधला. पुढे गर्दी आणि घरांच्या वाढत्या किमती यांचा भारही त्यास सोसावा लागला. लोणारचे विवर तर अभयारण्य आहे. त्याच्या उतारावर सायकली धावू नयेत, हे उघड आहे. सायकलींनी बाहेरच्या रस्त्यांवर राहावे आणि काठाने चालणाऱ्यांसाठी एक सुसज्ज आरंभस्थान असावे, हेच येथे शोभेल.

आरंभस्थान म्हणजे केवळ कमान आणि फलक नव्हे. वैद्यकीय दृष्टीने पाहता, कुटुंबाचा मुक्काम किती वेळ लांबेल हे बहुधा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती ठरवते. स्वच्छ स्वच्छतागृह नसेल, तर आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आजोबा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी परस्पर टाळतात. मग उन्हात चक्कर येते, सहल अर्धवट राहते आणि दोष मात्र वयाला दिला जातो. सहलीहून परतलेल्या ज्येष्ठांच्या तक्रारींत हे सूत्र मला वारंवार दिसते. म्हणून कमोड व आधारदांडी असलेले स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, थोड्या थोड्या अंतरावर पाठ टेकण्याजोगे बाक आणि सावली ही चैन नसून गावाच्या उत्पन्नाची पायाभरणी आहे. फलकावर अंतराबरोबर चढउतारही प्रामाणिकपणे लिहिलेला असावा.

ज्येष्ठांनी येथे काय पाहावे? गावातील विष्णूचे दैत्यसूदन मंदिर आणि तेथील शिल्पे सपाट जमिनीवर, सावकाश पाहण्यासारखी आहेत. काठावरील बारमाही धार आणि तिच्या परिसरातील जुनी मंदिरे पाहताना पायऱ्या ओल्या असू शकतात. तेथे हात धरणारे कोणी सोबत हवे. सरोवराकाठच्या कमळजादेवीच्या दर्शनासाठी मात्र विवरात उतरावे लागते. ही उंची साधारण पंचेचाळीस मजली इमारतीएवढी आहे. उतरताना दम लागत नाही, म्हणून माणूस फसतो. खरा ताण मांड्यांवर आणि गुडघ्यांच्या वाट्यांवर तेव्हाच येतो आणि परतीची चढण हृदयाची परीक्षा घेते. छातीत दुखणे, अलीकडे झालेली अँजिओप्लास्टी, गुडघ्यांची झीज किंवा तोल जाण्याची तक्रार असल्यास काठावरूनच नमस्कार करावा. देवी रागावत नाही.

काठाचा पूर्ण फेरा साडेपाच किलोमीटरहून अधिक भरतो. तो पुरा करण्याचा अट्टहास नको. चालताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत असेल, तर गती योग्य समजावी. शब्द तुटू लागले की बसावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ उत्तम. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी आणि जेवणाची वेळ चुकवू नये. गोळ्यांची वेळ बदलायची असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावी. छातीत कळ आली किंवा घाम फुटला, तर चालणे तत्काळ थांबवून १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा.

काळजीवाहकांना एक विनंती. ज्येष्ठांना गाडीत बसवून तरुणांनी खाली उतरू नये. एकाने तरी सोबत थांबावे आणि शक्य असेल तर रात्रीचा मुक्काम लोणारलाच करावा. सकाळचे कोवळे ऊन सरोवरावर उतरताना पाहण्यास गुडघे लागत नाहीत. लागतो तो फक्त एक बाक आणि सोबतीचे माणूस. ज्या गावाने असा बाक मांडला, तेथे पाहुणे पुन्हा येतात.